निळ्या लेबलची कॅसेट

मी तुला देवाला कौल लावायला नेलं, हा मूर्खपणा होता. कार्यक्रम संध्याकाळी सहाचा, दुपारचे अडीच वाजलेले, तू लॉजच्या खोलीत गिटार पेटीत बंद करून त्या पेटीवरच बसलेला. अशा वेळी कंपनीचा शहाणा माणूस मुंबईला फोन लावतो, डॉक्टर बोलावतो, निदान दाराला बाहेरून कडी घालतो. मी जीप काढली आणि तुला हातखंब्याच्या अलीकडच्या आमच्या गावच्या देवळात नेलं. का, तर देव आमच्या गावचा, तेव्हा तो माझ्याच बाजूने बोलेल अशी माझी खात्री होती.

जॅग, तू गेल्याचं मला पेपरातून कळलं. आतल्या पानावर चार ओळी, त्यातही तुझ्या गाजलेल्या गाण्याचं नाव चुकलेलं. तुझा जन्म कधीचा, शाळा कुठली, कॅसेटी किती खपल्या, ते लिहिणारे लिहितील. माझ्याकडे तुझा फक्त एक दिवस आहे. कोकण रेल्वे सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हाचा, जानेवारीतला, सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसात.

मी कॅसेट कंपनीत लागून पाच महिने झाले होते. सहावा संपला की कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार होतं. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "जॅगला घेऊन रत्नागिरीला कोण जाईल?" सगळे एकदम आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. नाशकात तू आयोजकांची स्कूटर घेऊन तीन तास बेपत्ता झाला होतास. कोल्हापुरात मुलाखत घेणाऱ्याचीच मुलाखत घेतली होतीस, आणि तो म्हणे रडला होता. मी हात वर केला. "रत्नागिरी माझं गाव आहे सर. तिथला दगड न् दगड ओळखतो मी." दगडांना सांभाळायचं नव्हतं, हे उशिरा लक्षात आलं.

मीटिंगनंतर साहेबांनी मला आत बोलावून दोन कॅसेटी दिल्या. लाल लेबलच्या कॅसेटवर नुसतं वाजप होतं, म्हणजे ड्रम, बेस, कीबोर्ड. ती लावायची आणि तिच्यावर तू गिटार वाजवत गायचं. निळ्या लेबलवर तीच गाणी, पण तुझ्या आवाजासकट. "दोन महिने गळा बसलाय त्याचा," साहेब म्हणाले. "दगा दिला तर निळी लाव. हलवील ओठ. आधी सांगू नकोस. आणि तिथे काही विचका झाला तर परत येताना गाडीतच राजीनामा लिहायला घे." मी "येस सर" म्हटलं. तेव्हा मी कशालाही येस सर म्हणत असे.

इकडे घरी आणखी एक भानगड करून ठेवली होती. आमचे अण्णा कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी त्यांना जी पत्रं लिहायचो त्यावरून त्यांचा असा समज झाला होता की कंपनी मी चालवतो आणि तू माझ्या हाताखाली आहेस. तसा समज व्हावा म्हणूनच मी ती लिहिली होती. अण्णांनी आख्ख्या आळीला सांगितलेलं, आणि पहिल्या रांगेतल्या अकरा खुर्च्यांवर आमची माणसं बसणार होती.

मी आदल्या दिवशीच पुढे आलो होतो. स्टेशनवर तू उतरलास तो काळ्या चामड्याच्या विजारीत. मी म्हटलं, "सर, बॅग द्या."

"सर कोणाले म्हणतो बे?" तू म्हणालास. "नागपूरचा आहो मी. सर म्हटलं तर कानाखाली देईन. जॅग म्हण, तू म्हण."

तेव्हापासून तू. तुझा आवाज पहिल्यांदा जवळून ऐकला. रिकामं पिंप फरशीवरून ओढावं तसा तो येत होता.

लॉजवर जायचं सोडून तू रिक्षावाल्याला म्हणालास, बंदरावर घे. मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव जोरात होता. तू थेट घोळक्यात घुसलास आणि पाट्यांच्या मधोमध उभा राहून बोली करणाऱ्याच्या तालावर मांडीवर ठेका धरलास. माणसं बोली सोडून तुझ्याकडे बघायला लागली. पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई म्हणाली, "ओ जटाधारी, नाचायचा तर तिकडं जेटीवर नाच. हितं बर्फ इतळतोय." तू मुकाट बाजूला झालास. दिवसभरात तू कुणाचं तरी ऐकलंस ते तिचंच. मी तिच्याकडे बघून मनात म्हटलं, बाई, संध्याकाळपर्यंत माझ्याबरोबर चल.

दीड वाजता लॉजवर तुला ज्येष्ठमध हवा झाला. मी खाली चहा सांगायला गेलेलो. "माझ्या बॅगेत आहे, घे," असं मीच जिन्यातून ओरडून सांगितलं. माझ्या चुकांत ही दुसरी की तिसरी, मी मोजणं सोडलेलं. वर आलो तर निळी कॅसेट तुझ्या हातात.

"हे काय होय?"

"बॅकअप," मी म्हणालो.

"कोणाचा बॅकअप? माझा?" तू लेबलावरचं वाचलंस, 'आवाजासह'. मग गिटार पेटीत घातलीस, चाप लावलेस आणि पेटीवर बसलास. "मी नाही गात. सांग तुझ्या साहेबाले."

मी समजावलं, विनवलं. साडेतीन हजार पोरं येणार, असं ठोकून दिलं. शेवटी माझी नोकरी जाईल, हेही सांगून टाकलं. तू खिडकीबाहेर बघत होतास. आणि मग माझ्या तोंडून निघालं, "आमच्याकडे असं अडलं की देवाला विचारतात."

तू वळलास. "विचारतात म्हणजे?"

मी सांगितलं. देवाच्या दगडी मूर्तीवर गुरव डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो. गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि थांबतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. लग्न, जमीन, विहीर, मुंबईला जावं की नको, सगळं आमच्याकडे असंच ठरतं.

"आणि ते मानतात लोकं?"

"मानावंच लागतं."

"चल मग," तू म्हणालास, आणि मी किती हुशार आहे असं मला वाटलं.

तात्या गुरव सोवळं नेसून आले, तुझ्या विजारीकडे बघितलं आणि "चामडं भाईर" एवढंच म्हणाले. जीपमध्ये पंचा होता तो तू गुंडाळलास. केस मोकळे, हातभर, कमरेला पंचा. कुठल्याही पोस्टरवर तू इतका चांगला दिसला नाहीस. तू हातपाय धुवायला गेलास तेवढ्यात मी तात्यांच्या कानाला लागलो. "तात्या, जरा उजवा येईल असं बघा ना."

तात्यांनी कळ्या भिजवता भिजवता माझ्याकडे बघितलं. "बाळ्या, तुझ्या आज्याने पण हेंच सांगितलान् होतं मला. त्याला काय मिळाला म्हायत्येय? डावा."

प्रश्न तूच सांगितलास. टेपवरच्या आवाजाला तोंड हलवलं तर चालेल का. तात्यांनी तो गाऱ्हाण्यात घातला. बा देवा महाराजा, ह्यो परमुलखातला लेकरू, गानारा हाय, असं करत करत. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच डावी कळी टपकन खाली.

"डावा दिलान्," तात्या म्हणाले.

मी म्हटलं, "तात्या, कळी नीट चिकटली नव्हती. परत लावा."

"देव काय क्रिकेटचा पंच हाय, अपील केलंस की बदलायला?"

ही गोष्ट मी गेली आठ वर्षं सांगत आलोय, जॅग. लग्नांत, ऑफिसच्या पार्ट्यांत, एकदा तर परिसंवादात. चामड्याची विजार, पंचा, माझा आजा, क्रिकेटचा पंच. लोक हसून हसून वाकतात. मी नेहमी इथेच थांबतो.

त्यापुढे असं झालं. तू तात्यांना म्हणालास, "अजून एक विचारा. टेपशिवाय गाऊ का? जसा आहे तसा?" तात्यांनी दोन नव्या कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. मी शेजारी उभा होतो, रिवाजाप्रमाणे मीही "होय महाराजा" म्हटलं. ह्या खेपेला कळी पडेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. चार वाजले. जीपला परतायला पाऊण तास, मग कपडे, मग आवाजाची चाचणी. मी घड्याळ बघत होतो, तात्या माझ्याकडे रागाने बघत होते, आणि तू मांडी घालून बसला होतास. सकाळपासून एका जागी दोन मिनिटं न टिकलेला माणूस हलत नव्हता.

त्या वेळात तू हळू आवाजात मला तुझ्या वडिलांचं सांगितलंस. ते लग्नाच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचे. दात पडले तसं वाजवणं जमेना. मालक म्हणाला, घरी कशाला बसता, गणवेश घाला, क्लॅरनेट नुसतं तोंडाला लावून उभे राहा, वरातीत संख्या दिसते. बँडात अशी दोन-चार माणसं असतातच. "बाबा नाही गेले," तू म्हणालास. "पानाची टपरी टाकली. म्हणे, वाजत नाही तर धरून कायले उभा राहू? समजलं काय बे बाळ्या, मी काऊन नाही म्हणून राहिलो ते?"

मला समजलं. हे मी शपथेवर सांगतो. मला पूर्ण समजलं होतं.

पावणेपाचला उजवी कळी पडली. पडली कसली, मूर्तीच्या अंगावरून घसरत सावकाश खाली उतरली. तात्यांनी ती तुझ्या हातावर ठेवली. बाहेर आल्यावर तू कपडे बदललेस, जाकिटाच्या खिशातून निळी कॅसेट काढलीस आणि मला दिलीस. मला वाटलं होतं तू ती देवळामागच्या व्हाळाच्या पाण्यात भिरकावशील. "फेकत नाही," तू म्हणालास. "कंपनीची वस्तू आहे, तुझी नोकरी आहे. ठेव तुझ्याजवळ. तुह्यावर भरोसा आहे."

मैदान भरलं होतं. साडेतीन हजार नव्हते, पण हजार-बाराशे पोरं नक्की. अण्णा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा, मागे वळून वळून लोकांना मला दाखवत होते. मी मागच्या बाजूला साउंडवाल्या सावंतांच्या टेबलाशी उभा. लाल कॅसेट डेकमध्ये, निळी माझ्या शर्टाच्या खिशात.

पहिलं गाणं तू ओढून नेलंस. दुसऱ्यात वरच्या पट्टीला आवाज घासला, पण तो घासलेला आवाजही पोरांना चालला, त्यांना वाटलं मुद्दाम आहे. तिसऱ्यात तो फुटला. शब्द यायचे आणि मध्येच नुसती हवा. मागून शिट्टी आली. कुणीतरी "आवाज, आवाज" सुरू केलं. आयोजक धावत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "अहो काहीतरी करा, खुर्च्या तुटतील." पहिल्या रांगेत अण्णांनी मागे वळून बघितलं. ह्या वेळी लोकांना दाखवायला नाही. नुसतं माझ्याकडे.

मी खिशातून निळी कॅसेट काढली आणि सावंतांना दिली.

सावंतांनी विचारलंही, "ही लावू? त्याला ठाव हाय ना?" मी मान डोलावली. त्यांनी ती पुढच्या गाण्यावर आणून लावली.

बारा गाण्यांतलं नेमकं चौथं गाणं असं होतं की त्याला सुरुवातीचं वाजप नाही, आवाजच आधी सुरू होतो. साऱ्या कंपनीला हे माहीत होतं. मी कंपनीचा माणूस. तू पाणी पीत होतास. मान मागे टाकून बाटली तोंडाला लावलेली, आणि तुझा आवाज, स्वच्छ, वर्षापूर्वीचा, स्टुडिओतला, सगळ्या मैदानावर गायला लागला.

आधी कुणाला कळलं नाही. मग हशा फुटला. इतक्या माणसांचा एकदम हशा मी पुन्हा ऐकला नाही, आणि माझ्या गोष्टींना हसणारे पुष्कळ आहेत.

तू दचकला नाहीस. घोट गिळलास, बाटलीला बूच लावलंस, खाली ठेवलीस. मग हात बाजूला सोडून उभा राहिलास आणि माझ्याकडे बघितलंस. एवढ्या लांबून, दिव्यांच्या उजेडात मी तुला दिसत नसणार, पण तुला माहीत होतं टेबल कुठे आहे. सावंत म्हणाले, "बंद करू काय? अहो, करू काय बंद?" बंद केलं तरी मी, चालू ठेवलं तरी मी. चार मिनिटं तुझा आवाज गात राहिला आणि तू तोंड मिटून उभा राहिलास.

गाणं संपल्यावर सावंतांनी मला न विचारता डेकची वायरच उपटली. तू माइकजवळ आलास. "हा आवाज माझाच आहे," म्हणालास. "मागच्या वर्षीचा. आजचा असा आहे. ज्याले जायचं त्यानं जावं."

आणि नुसत्या गिटारवर, बसून, खालच्या पट्टीत तू पाच गाणी म्हटलीस. अर्धं मैदान उठून गेलं. मागच्यांना काही ऐकूच आलं नाही. अण्णा बसून राहिले. आमचे अण्णा, ज्यांना गिटार म्हणजे थिल्लरपणा वाटायचा, ते शेवटपर्यंत पुढे वाकून, कानामागे हात धरून ऐकत होते. त्या रात्रीपासून त्यांनी मला कंपनीबद्दल काही विचारलं नाही. तुझ्याबद्दल मात्र विचारायचे. "तो मुलगा कसा आहे रे?" दर वेळी मी "मजेत" म्हणायचो.

स्टेशनवर जाताना जीपमध्ये तू एकच वाक्य बोललास. "अण्णा चांगले आहेत बे तुझे." मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन शब्द होते, मराठीत सोपे आहेत. मी म्हणालो, "पाणी हवंय का?"

बघ, त्या दिवशी विचारायला दुसरं काही सुचू नये. पाणीच.

मुंबईत साहेबांनी मला बसवलं. रत्नागिरीत काय झालं ते वरपर्यंत गेलं होतं, आणि कुणाच्या तरी नावावर ते टाकायचं होतं. "एक ओळ लिहून दे," साहेब म्हणाले, "कलाकाराने सहकार्य केले नाही. खाली सही." मी ती लिहिली. अक्षर माझं चांगलं आहे, अण्णांनी गिरवून घेतलंय. पुढच्या महिन्यात मी कायम झालो. तुझी दुसरी कॅसेट निघाली नाही. तू नागपूरला परत गेलास, घरच्या पुढच्या खोलीत पोरांना गिटार शिकवायला लागलास, हे मला एका वादकाकडून कळलं.

आपलं भांडण मी मनात पुष्कळदा पुढे नेलंय. मी म्हणतो, टेप लावली नसती तर खुर्च्या तुटल्या असत्या. तू म्हणतोस, तुटू द्यायच्या होत्या. मी म्हणतो, तेवीस वर्षांचा होतो. तू म्हणतोस, मी सव्वीसचा होतो बे. मी म्हणतो, ती ओळ मी लिहिली नसती तर दुसऱ्या कुणी लिहिली असती. इथे तू बाटलीला बूच लावतोस आणि बघतोस.

तुझे उपकारही आहेत, आणि ते सांगायला लाज वाटते म्हणून घाईने सांगतो. माझ्या हाताखाली आता आठ माणसं आहेत. गळा बसलेल्याला मी स्टेजवर चढवत नाही, कार्यक्रम रद्द करतो, शिव्या खातो. निळ्या लेबलची कॅसेट मी कुणाबरोबर दिली नाही. पण हे मी तुझ्या जिवावर शिकलो, आणि तुला विचारून नाही.

परवा नागपूरला गेलो. तुझी मोठी बहीण दारात आली. पुढच्या खोलीत सहा गिटारी भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या, दोन पोरं मुकाट बसलेली. मी नाव सांगितलं. ताई आत गेल्या, चहा घेऊन आल्या, समोर बसल्या. मी सांगायला लागलो आणि माझी जीभ सवयीने वळली. विजार, पंचा, आजा, पंच. पोरं हसली. ताई हसल्या नाहीत. मग पहिल्यांदाच मी पुढचं सांगितलं. पाण्याची बाटली, चार मिनिटं, ती ओळ, ती सही. सांगून झाल्यावर म्हटलं, "ताई, त्याने मला माफ केलं असेल का हो?"

ताईंनी पोरांना बाहेर जायला सांगितलं.

"तुमची ती चिठ्ठी कंपनीनं त्याले दाखवली होती," त्या म्हणाल्या. "तवाच. तो म्हणे, पोरगा भेला असंल, करेल फोन एखाद दिवशी. दोन वर्षं तर फोन वाजला की तोच आधी उठे. आमचा नंबर आजही तोच आहे. गोष्ट सांगायले तुम्हाले साऱ्या मुंबईत माणसं भेटले, अन् माफी कोणाले मागता, तर मले. चहा घ्या, थंडा होऊन राहिला, अन् निघा आता."